शब्दचर्चा: ओकोनोमियाकी, निकु-तामा-सोबा, हेरा

प्रश्नकर्ता:
ऑफिसच्या कामाने हिरोशिमाला जायचंय, बायको-मुलगी पण येतायत. ओकोनोमियाकी या तव्यावरच्या जपानी पदार्थाच्या तिथल्या एका छोट्या दुकानाचा मेनू मित्राने पाठवला, फोनमध्ये भाषांतर केलं तर "मांस अंडे कुट्टू" असं काहीतरी आलं, डोकंच चालेना. मूळ शब्द "निकु-तामा-सोबा" आहे म्हणे. याचा नेमका अर्थ काय? आणि ओकोनोमियाकीला मराठीत काय म्हणावं, सगळीकडे "जपानी पिझ्झा" लिहितात ते काही पटत नाही. मुलगी अंडं खाते, मांस-मासे नाही.

खवय्या:
पिझ्झा अजिबात नाही, चीज नाही की ब्रेड नाही. "कोनोमी" म्हणजे आवड, आधी लागलेला "ओ" आदरार्थी आणि "याकी" म्हणजे तव्यावर नाहीतर विस्तवावर शिजवलेलं, म्हणजे "तुमच्या आवडीचं घालून भाजलेलं". तोच याकी ताकोयाकीत (ऑक्टोपसचे गोळे), याकितोरीत (काडीवर भाजलेलं चिकन). आपण भाजणं, परतणं, शेकणं असे वेगवेगळे शब्द वापरतो तिथे ते बऱ्याचदा एका याकीत भागवतात.

हिरोशिमाकर:
मी इथेच राहतो म्हणून जरा लांबलचक लिहितो. निकु म्हणजे मांस, पण हिरोशिमाच्या ओकोनोमियाकीत निकु म्हणजे डुकराच्या पोटाकडचे पातळ काप, ओसाकाकडे मात्र नुसतं निकु म्हटलं की बीफ समजतात, एकच शब्द आणि दोन गावांत दोन प्राणी! तामा म्हणजे तामागो, अंडं. आणि सोबा म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) शेवया खऱ्या, पण इथे नाही. इथे ज्याला सोबा म्हणतात त्या गव्हाच्या चायनीज पद्धतीच्या नूडल्स, याकिसोबात, म्हणजे परतलेल्या नूडल्समध्ये, असतात त्याच, म्हणून फोनने फसवलं तुम्हाला. सोबाच्या जागी उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्स, पण मागता येतात, जास्त भूक असेल तर "डबल" म्हणायचं.

ओसाकात कोबी, पीठ, अंडं सगळं कालवून तव्यावर ओततात. आमच्याकडे थर. आधी पातळ पिठाचा पापुद्रा, त्यावर माशाची पूड, मग कोबीचा हा एवढा डोंगर, मोड आलेलं कडधान्य, तळलेल्या पिठाचे कण, वर मांसाचे काप, मग अख्खा ढीग उलटा करायचा म्हणजे कोबी पापुद्र्याखाली वाफेवर बसतो. शेजारी नूडल्स परतून त्यावर हा ढीग, मग अंडं फोडून पसरायचं, त्यावर सगळं ठेवून परत उलटं, वर गोडसर घट्ट सॉस. आणि कृपा करून इथे "हिरोशिमायाकी" म्हणू नका, बऱ्याच लोकांना आवडत नाही, त्यांच्या लेखी ओकोनोमियाकी म्हणजे हीच, आडनाव लावायचं तर ओसाकावाल्यांनी लावावं.

सुगरण:
म्हणजे धिरडं झालं की, वर एवढा पसारा असलेलं. थालीपीठ म्हणतात काहीजण, ते चूक, थालीपीठ थापतात, हे ओततात. मेनूत आणखी एक शब्द असेल, "हेरा", तो काय?

हिरोशिमाकर:
हेरा म्हणजे लोखंडी छोटं उलथनं. तव्यासमोर बसून त्यानेच तुकडा तोडायचा आणि त्यानेच खायचं, चॉपस्टिक मागितल्या तर देतात, पण जुनी गिऱ्हाइकं हेरानेच खातात. ओसाकात त्याला "कोते" नाहीतर "तेको" म्हणतात.

सुगरण:
आमच्याकडे तेवढ्यावरून सासर-माहेर वाद आहे, मी कालथा म्हणते, सासूबाई सराटा, नवरा उलथनं. ओसाका-हिरोशिमाचंही तसंच, तीन शब्द.

खवय्या:
"आवडीचं" म्हणतात पण हिरोशिमात भाजतो दुकानदारच, ओसाकात बऱ्याच ठिकाणी टेबलावरच्या तव्यावर आपलं आपण करायचं असतं. नावाला जास्त जागतात ओसाकावाले, हे माझं मत, भांडू नका.

हिरोशिमाकर:
भांडत नाही, पण इतिहास ऐका. युद्धाआधी "इस्सेन योशोकु" मिळायचं, इस्सेन म्हणजे एक सेन, येनचा शंभरावा भाग, आणि योशोकु म्हणजे पाश्चात्य जेवण. पिठाचा पातळ पापुद्रा, थोडी पात, सॉस, पोरांचा खाऊ. 1945 च्या बॉम्बनंतर शहरात काही उरलं नव्हतं, तांदूळ मिळेना, अमेरिकेतून गव्हाचं पीठ येत होतं, त्यावर हाच खाऊ मोठ्यांचं जेवण झाला, कोबी आला, पुढे नूडल्स आल्या. बरीच दुकानं "अमुक-चान" नावाची दिसतात, चान हा लाडाने हाक मारायचा प्रत्यय. शहरातल्या शिंतेन्ची भागात हातगाड्या होत्या, तिथेच आता "ओकोनोमिमुरा" नावाची इमारत आहे, मुरा म्हणजे गाव, मजल्यांवर ओळीने छोटी छोटी दुकानं. कार्प या इथल्या बेसबॉल संघाची मॅच असली की अशा दुकानांत टीव्हीकडेच सगळ्यांचं लक्ष.

मुलीसाठी "निकु नुकी" म्हणा, नुकी म्हणजे वगळून. पण तेवढ्याने भागत नाही, माशाची पूड असते आणि नेहमीच्या सॉसातही मांसाचा अर्क असू शकतो. तवा तर सगळ्यांचा एकच. चालत नसेल तर आधी विचारून शाकाहारी करणारं दुकान शोधा.

प्रश्नकर्ता:
भारी माहिती, धन्यवाद. नावाचं म्हणाल तर ओकोनोमियाकीच ठेवतो. आता एकच, मराठीत ती, तो की ते? धिरडं म्हणून "ते"?

खवय्या:
ईकारान्त आहे, "ती" सहज येतं तोंडात, भाकरी-पोळीच्या पंगतीत बसते. अनेकवचन भाकऱ्यांसारखं "ओकोनोमियाक्या".

सुगरण:
दोन ओकोनोमियाक्या, एक बिनमांसाची! वेटरला नाही कळणार पण व्याकरण चोख आहे.

हिरोशिमाकर:
वेटर नसतोच बहुतेक, तव्यामागची बाईच ऑर्डर घेते. तुम्हा दोघांसाठी तिला "निकु-तामा-सोबा फुतात्सु" म्हणा, फुतात्सु म्हणजे दोन.