‘सांगितलं म्हणून केलं’: नंतरची सबब की तेव्हाच तसं वाटतं?

प्रश्न
मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमच्या १९६३च्या प्रयोगात संशोधकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला (प्रत्यक्षात खोटे) विजेचे झटके देत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटनापर्यंत गेले. ‘वरून सांगितलं होतं’ असं नंतर म्हणायला कुणाचं काय जातं? पण बटन दाबतानाच ‘हे मी करतोय’ ही जाणीव कमी होते का? थेट न विचारता ते मोजता येतं का? बी.ए.च्या वर्गात करून दाखवायचंय.

उत्तर १
येतं. आपण स्वतःहून कळ दाबली आणि पाव सेकंदाने आवाज झाला, तर दोन्ही असतात त्यापेक्षा जवळ भासतात. अंतराचं हे आखडणं म्हणजे ‘हे मी केलं’ या जाणिवेचं आडवळणाचं माप मानतात. हॅगार्ड आणि सहकाऱ्यांच्या २००२च्या प्रयोगात कळ सरासरी १५ मिलिसेकंद उशिरा आणि आवाज ४६ मिलिसेकंद आधी झाल्यासारखा वाटला. मेंदूला चुंबकीय झटका देऊन बोट हलवलं, तर दोन्ही उलट लांब सरकले.
२०१६ मध्ये कॅस्पार आणि सहकाऱ्यांनी जोड्या बसवल्या. कळ दाबून समोरच्याचे पैसे कापायचे किंवा त्याला विजेचा झटका द्यायचा, कधी मर्जीने, कधी हुकमावरून. हुकमावरून केलं तेव्हा कळ आणि आवाज यांमधलं अंतर जास्त लांब वाटलं. म्हणजे सबब नुसती मागाहून सुचत नाही.

उत्तर २
वर्गात झटके अर्थातच नकोत, गुण कापा. दोन कळा ठेवा: एकीने समोरच्याचे ५ गुण जातात, दुसरीने काहीच नाही. आवाज मात्र दोन्हींनी व्हायला हवा. कळ आणि आवाज यांतली अंतरं २००, ५०० आणि ८०० मिलिसेकंद, उलटसुलट क्रमाने. ‘अंतराचा अंदाज १ ते १००० मिलिसेकंदांमध्ये लिहा’ एवढंच सांगा. अंतरं तीनच आहेत हे कळलं की मुलं ठरलेले आकडे टाकतात. निम्म्यांना आधी मर्जी, निम्म्यांना आधी हुकूम. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, त्याचा स्वतःचा उशीर मिसळला की सगळं मोजमाप पाण्यात.

उत्तर ३
एक सावधगिरी. कळ यंत्राने दाबली तरी अंतर थोडं आखडतं, असं पुढे दिसलंय. तेव्हा हे माप निव्वळ हेतूचं नाही, कार्यकारणाचंही आहे. एकेकट्या आकड्याला अर्थ नाही, मर्जी आणि हुकूम यांतला फरकच बघा. त्यावरून कुणाचा दोष कमी-जास्त ठरवणं तर दूरच.
बसण्याची जागाही आधी पक्की करा. मिलग्रॅमकडे झटका खाणारा त्याच खोलीत आणल्यावर शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. त्याचा हात धरून झटक्याच्या पट्टीवर दाबायचा होता तेव्हा ३०. एका जोडीला समोरासमोर आणि दुसरीला पाठमोरं बसवलंत, तर फरक हुकमाचा की चेहरा दिसण्याचा, ते सांगता येणार नाही.