गावच्या हॉलमध्ये केयलीचं आमंत्रण आलंय, नाच अजिबात येत नाही. जावं का?

नवी_एनिसकर

नमस्कार मंडळी. आम्ही आयर्लंडच्या काउंटी क्लेअरमध्ये, एनिसजवळच्या एका छोट्या गावात राहायला आलो आहोत. १७ मार्चला सेंट पॅट्रिक्स डे. दुपारी गावात मिरवणूक आणि रात्री कम्युनिटी हॉलमध्ये केयली, म्हणजे सगळ्यांनी मिळून आयरिश नाच करायचा कार्यक्रम. शेजारच्या आजी दारात येऊन सांगून गेल्या, "सगळे या. आणि नुसतं बसायचं नाही हं!"

मला आयरिश नाच म्हणजे स्टेजवर एका ओळीत, हात खाली सोडून, विजेसारखे पाय चालवणारे लोक एवढंच माहीत. तसलं काही आम्हाला या जन्मात जमायचं नाही. मग तिथे जाऊन करायचं काय? मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत, त्यांना न्यावं का? पायात काय घालावं? आणि नवरा बासरी वाजवतो, चांगली शिकलेला आहे. आजींनी त्यालाही "वाद्य घेऊन ये" म्हटलंय. असं बँडमध्ये कुणी वाजवतं का? इथे बरीच वर्षं राहिलेल्यांनी सांगा, प्लीज.

मिलटाउनकाकू

अगं, जा. आणि पहिल्याच नाचाला उठ, कारण सोपे नाच बहुधा सुरुवातीला घेतात. "थोडं बघते, मग उठते" म्हणशील तर रात्र संपेल.

स्टेजवरचं तू म्हणतेस ती स्टेप डान्सिंगची परंपरा. १९९४ च्या युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात रिव्हरडान्स हा स्टेप डान्सचा कार्यक्रम झाला आणि साऱ्या जगाला आयर्लंडचा नाच म्हणजे तेवढाच वाटायला लागला. गावच्या हॉलमधली केयली ही बघायची गोष्टच नाही. खुर्च्या भिंतीला लावलेल्या असतात त्या दम खायला. ऐंशीच्या आजोबांच्या हातात आठ वर्षांच्या पोरीचा हात असतो, आणि त्याचं कुणाला काही विशेष वाटत नाही.

पावलांची चिंता सोड, आधी कान दे. बहुतेक चालींचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ बारांचा (बार म्हणजे तालाचं छोटं आवर्तन), आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. म्हणजे आठ चोक बत्तीस बार झाले की चाल पुन्हा पहिल्यापासून. नाचही याच मापाने बेतलेला आहे. 'वॉल्स ऑफ लिमरिक' घे. दोन जोड्या समोरासमोर. हात धरून पुढे जायचं, मागे यायचं, असं दोनदा. झाले आठ बार. मग आधी बायका एकमेकींच्या जागा घेतात, नंतर पुरुष, आणखी आठ. मग समोरच्याचा हात धरून बाजूला सरकत जायचं आणि परत यायचं, पुन्हा आठ. शेवटच्या आठात आपल्या जोडीदाराबरोबर समोरच्या जोडीभोवती फेरी, आणि थांबता तेव्हा तुमच्यापुढे नवीन जोडी उभी असते. मग तेच सगळं तिच्याबरोबर. तीन-चार जोड्या झाल्या की डोकं मोजायचं थांबतं आणि चालच पुढचं सांगायला लागते. चुकलीस तर समोरची बाई खांद्याला धरून तुला योग्य जागी नेऊन ठेवेल. जेमतेम ओळखीच्या गावात एका चालीत निम्म्या हॉलशी हात मिळवून होतात. मला तर हा नाच त्यासाठीच आवडतो.

'सीज ऑफ एनिस' तर तुमच्याच गावाच्या नावाचा. चौघांची एक रांग, समोर चौघांची दुसरी, आणि शेवटी एक रांग हातांच्या कमानी करते, दुसरी खालून जाते. हा साधारण जिगवर होतो, वॉल्स रीलवर. रील म्हणजे चार-चारची सरळ धाव, जिग म्हणजे सहाचा झोका. तुझ्या नवऱ्याला पहिल्या ओळीत कळेल. इथल्या बहुतेकांनी हे नाच शाळेतच केलेले असतात. आयरिशमध्ये सातपर्यंत मोजत सरकायचं, मग तीन-तीनची पावलं. तुझी मुलंही शिकतील, कदाचित शिकलीही असतील, विचारून बघ. त्यांना नेच.

मग सेट, म्हणजे चौकोनात करायचा नाच. क्लेअरमध्ये आहेस म्हणजे सेट होणारच, आणि बहुतेक कॅलेडोनियन नावाचा. चार जोड्या चौकोनात. बँडच्या बाजूची जोडी आणि तिच्या समोरची, या टॉप्स. उरलेल्या दोन साइड्स. नवख्याने नेहमी साइडला उभं राहावं. टॉप्स सुरू करतात, तोवर तुला बघून घेता येतं. एक फिगर, म्हणजे सेटचा एक भाग, झाली की संगीत थांबतं, श्वास घ्यायला वेळ मिळतो, मग पुढची. जुने लोक पायांनी लाकडी फरशीवर ताल वाजवतात, त्याला इथे बॅटरिंग म्हणतात. ते ऐक, पण पहिल्या दिवशी त्याच्या मागे लागू नकोस, चालत राहिलीस तरी सेट पूर्ण होतो. स्विंगमध्ये, म्हणजे जोडीदाराला धरून जागच्या जागी फिरताना, गरगरलं तर जोडीदाराच्या चेहऱ्याकडे बघायचं, भिंतींकडे नाही, आणि आपला भार आपणच पेलायचा.

सेटमध्ये जोडीने चौकोनाभोवती फिरणं येतं तेव्हा कुणीतरी ओरडतं, "घराला फेरी मारा, पण फडताळ सांभाळा!" कारण पूर्वी हे नाच स्वयंपाकघरातच व्हायचे. टेबल बाहेर काढायचं, चुलीपाशी एक फिडल (व्हायोलिन) किंवा कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी पेटी), आणि आठ माणसांना पुरेल एवढी जमीन. उन्हाळ्यात चौरस्त्यावर नाचायचे.

ते का थांबलं हे तुला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. १९३५ साली पब्लिक डान्स हॉल्स अ‍ॅक्ट आला. सार्वजनिक नाचाला न्यायालयाचा परवाना लागू झाला. कायद्यात शब्द सार्वजनिक नाचाचा, पण पाद्री आणि पोलीस यांनी तो कितीतरी ठिकाणी घरच्या नाचांवरही चालवला. आमच्या मिलटाउन मॅलबेच्या बाजूचे फिडलवादक ज्युनियर क्रेहन या कायद्याने गावाचं काय नेलं हे पुढेही कळवळून सांगत राहिले. स्वयंपाकघरं गप्प झाली, वाजवणाऱ्यांना जागा उरली नाही, त्यातच परदेशी जाणाऱ्यांची रीघ. नाच हॉलमध्ये गेला. मोठ्या हॉलमध्ये एकट्या फिडलचा आवाज पोचत नाही, म्हणून पियानो, ड्रम, अकॉर्डियन, दोन-तीन फिडल, बासऱ्या असे केयली बँड जोरात आले. किलफेनोराचा बँड १९०९ पासूनचा, टुलाचा १९४६ चा. दोन्ही क्लेअरचे, आणि टुला विरुद्ध किलफेनोरा ही चुरस इथली माणसं अजून चवीने सांगतात.

पुढे साठ-सत्तरच्या दशकांत सेट बऱ्याच ठिकाणी मागे पडले होते. १९७३ मध्ये आयरिश बॅगपाइप वाजवणारे विली क्लॅन्सी गेले आणि त्याच वर्षी मिलटाउनमध्ये त्यांच्या नावाची उन्हाळी शाळा सुरू झाली. आज जुलैमध्ये त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते. सेटचे वर्ग तिथे ऐंशीच्या दशकात सुरू झाले आणि सेट पुन्हा गावोगावच्या हॉलमध्ये परतले. तुझ्या शेजारच्या आजी "नुसतं बसायचं नाही" म्हणतात त्याच्या मागे हे सगळं आहे. माणसं उठली नाहीत तर हे टिकत नाही, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

चपलांचं: चामड्याच्या तळव्याचे, पायाला घट्ट बसणारे बूट. रबरी तळवा फरशीला चिकटतो आणि स्विंगमध्ये गुडघा पिळतो. कपडे सुती आणि हलके घाल, मार्चची थंडी हॉलच्या दाराबाहेर राहते. मध्ये चहा, सँडविच, केक, बहुधा रॅफल, म्हणजे तिकिटांची सोडत. आणि शेवटी बँड राष्ट्रगीत वाजवतो, तेव्हा असेल तिथे नीट उभं राहायचं.

डी_व्हिसल

काकूंनी नाचाचं सगळं सांगितलंच आहे, मी बासरीचं सांगतो. मी गॉलवेत सेशनला, म्हणजे पबमधल्या वाजवणाऱ्यांच्या बैठकीत, वाजवतो.

नाच चालू असताना बँडमध्ये शिरू नये. ते एकत्र सराव करून आलेले असतात, त्यांच्या चाली, त्यांची गती नाचणाऱ्यांसाठी बांधलेली असते. पण आजींनी वाद्य आणायला सांगितलंय म्हणजे चहाच्या वेळी किंवा नंतर पबमध्ये सेशन होणार, असा माझा अंदाज. तिथे नक्की न्या.

आता कामाची गोष्ट. इथलं बरंचसं संगीत डी आणि जी या पट्ट्यांत, म्हणजे पांढरी दोन आणि पांढरी पाच. व्हिसल (इथली पत्र्याची छोटी बासरी) डीमध्ये, लाकडी फ्लूट डीमध्ये. तुमच्या यजमानांकडे पांढरी पाचची मध्यम बासरी असेल तर काम झालं. सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम वाजतो, तोच इथला डी. सगळी उघडली की तीव्र मध्यम, तो इथला सी शार्प. म्हणजे बोटं तीच, फक्त षड्ज आपल्या जागी न धरता डीवर धरायचा. पुष्कळ चाली काफी आणि खमाजच्या स्वरांत आहेत, त्या कानाला पटकन बसतील. जड जाईल ती गती आणि अलंकार. इथे मींड फारशी नाही, त्याजागी बोटाने स्वराला चटका देतात, कट आणि रोल. सुरुवातीला ते सोडून साधे स्वर वाजवले तरी कुणी काही म्हणत नाही.

सेशनच्या बैठकीचे न लिहिलेले नियम असतात. आपल्याकडच्या भजनी मंडळासारखंच, वर्तुळ आत तोंड करून बसतं आणि ज्याला चाल येते तो उचलतो. आधी विचारावं, "बसू का?" पहिल्यांदा कडेला बसावं. येत नसलेल्या चालीवर अंदाजाने वाजवू नये, ऐकावं. दोन-तीन चाली सलग, प्रत्येक साधारण तीनदा, मग गप्पा. गप्पांच्या वेळी कुणीतरी म्हणेलच, "तुमच्याकडचं काही ऐकवा." तेव्हा छोटीशी धून तयार असू द्या, पाच मिनिटांपेक्षा मोठी नको. तबला न्यायचा विचार असेल तर आधी विचारा, कारण बोऱ्हान हा इथला डफसुद्धा एका वेळी एकच वाजावा असं बहुतेकांना वाटतं.

डब्लिनचा_बाबा

काकू, माझी मुलगी स्टेप डान्सिंग शिकते, म्हणून थोडं तिच्या बाजूने. तेही गावाच्याच जिवावर चालतं. पॅट्रिक्स डेच्या मिरवणुकीत ट्रॅक्टर आणि जीएए क्लबच्या (आयरिश खेळांच्या क्लबच्या) मुलांच्या मागे जी छोटी पोरं नाचत जातात ती याच वर्गांतली. पावसात, डांबरी रस्त्यावर, मऊ बुटांत! वर्षभर फेशला, म्हणजे स्पर्धांना जायचं आणि त्या एका दिवशी सगळ्या गावासमोर नाचायचं, याचं मुलांना केवढं अप्रूप असतं.

आणखी एक. केयली ही आपण समजतो तितकी पुरातन नाही. आयरिश भाषा जगवायला काढलेल्या गेलिक लीगची स्थापना १८९३ ची, आणि पहिली केयली भरली १८९७ मध्ये, तीही लंडनला! सेट मूळचे क्वाड्रिल या फ्रेंच चौकोनी नाचावरून आलेले म्हणून लीगने ते परके ठरवले आणि वॉल्स ऑफ लिमरिकसारखे नाच पुढे आणले. क्लेअरच्या लोकांनी ते मनावर घेतलं नाही, सेट चालूच ठेवले.

मिलटाउनकाकू

बाबा, खरं आहे. आणि त्यांनी ते मनावर घेतलं नाही याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. एकाच रात्री एकाच हॉलमध्ये सीज ऑफ एनिस आणि कॅलेडोनियन दोन्ही होतात, भांडण कधीच मिटलंय. मिरवणुकीतल्या मुलांचं तुम्ही म्हणता ते अगदी मान्य.

नवी_एनिसकर

काकू, डी_व्हिसल, बाबा, मनापासून आभार. जायचं ठरलं! नवऱ्याने रात्रीच पांढरी पाचची बासरी काढली आणि तीव्र मध्यमापर्यंत सगळं जुळतंय म्हणून खूश आहे. मुलीला वॉल्स ऑफ लिमरिक येतं, शाळेत शिकवलंय, आम्हाला ठाऊकच नव्हतं. ती आता मला स्वयंपाकघरात शिकवते आहे.

एकच शंका उरली. कुणी अनोळखी माणसाने नाचायला विचारलं आणि मला दम लागलेला असेल तर नाही म्हणावं का? आणि मी स्वतः कुणाला विचारलं तर चालतं का, की बायकांनी वाट बघायची?

मिलटाउनकाकू

नाही म्हणायला काही हरकत नाही, "पुढच्याला नक्की" म्हण आणि पुढच्याला ऊठ. फक्त एकाला नाही म्हणून त्याच नाचाला दुसऱ्याबरोबर उठू नये, ते लागतं माणसाला. आणि बायकांनी वाट बघायचे दिवस गेले. बायका बायकांबरोबर नाचतात, कारण पुरुष नेहमीच कमी पडतात. माईकवरचा माणूस "एका सेटला एक जोडी कमी आहे" असं ओरडला की हात वर कर, ती सगळ्यांत उत्तम वेळ, बाकीची तीन जोडपी तुला सांभाळून घ्यायला तयारच असतात. पहिला सेट शेजारच्या आजींबरोबर कर, पण उभं राहताना त्यांना आधी सांग की आपण साइडला उभ्या राहू. नाहीतर क्लेअरची म्हातारी माणसं सवयीने टॉपला जाऊन उभी राहतात.