आधी ए-नंबर शोधा
ताई, भाचा आइसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या पोलिसांच्या ताब्यात आहे आणि डिटेन्शन सेंटरला फोन करून तो लाइनवर येत नाही म्हणताय, तर येणारच नाही, बाहेरून आलेला कॉल आतल्यांना देत नाहीत, त्यालाच करावा लागतो आणि त्यासाठी अकाउंटवर पैसे भरावे लागतात. आधी त्याचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनच्या फाइलचा नंबर शोधा, नऊ आकडी असतो, वर्क परमिटच्या कार्डवर यूएससीआयएस नंबर म्हणून तोच छापलेला असतो. आइसच्या साइटवर डिटेनी लोकेटर आहे, म्हणजे ताब्यातला माणूस कुठे आहे ते शोधायची सोय, त्यात तो नंबर आणि जन्मदेश टाकला की सेंटर कळतं. नंबर नसेल तर नावाने शोधता येतं पण स्पेलिंग तंतोतंत लागतं, आणि आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं, त्याचा तिकडे नेहमीच घोळ असतो, तेव्हा उलटसुलट करून बघा. रोज बघा हो, न सांगता दुसऱ्या राज्यात हलवतात.

आणि फोनवर केसबद्दल अवाक्षर नको, कॉल रेकॉर्ड होतात. ते फक्त वकिलाशी. सरकार फुकट वकील देत नाही, आपणच गाठायचा, बाँड, म्हणजे पैसे भरून जामीन, मिळण्यासारखा आहे का ते पहिल्यांदा वकिलाला विचारा. भारतीय कॉन्सुलेटला कळवा असं भाच्याने स्वतः आत सांगायला हवं, तो त्याचा हक्क आहे. भेटायला मात्र ज्याचे अमेरिकेत राहण्याचे पेपर पक्के आहेत त्यालाच पाठवा.