घाणेरी वरून तोडू नका, मुळाशी कापा

इंग्रजांनी बागांसाठी आणलेली काही झाडं पुढे रानात शिरली; घाणेरी, म्हणजे आपली रायमुनिया, हे झुडूप त्यातलंच. 19व्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली, पुढे कुंपणाला लागली. आज मेळघाट-ताडोबालगतच्या गावांत चराईचं गवत तिच्याखाली दबतंय.

कुऱ्हाडीनं वरून छाटणं किंवा जाळणं फुकट जातं. बुडखा जिवंत राहतो नि पावसात दाट फुटवे येतात. जमीन ओली असताना, फळं पिकायच्या आधी, बुडाशी कुदळीनं माती उकरा आणि मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंमीवर कापा. झुडूप उलटं, मुळं वर करून वाळू द्या. खोड ओल्या मातीला टेकलं की पुन्हा मूळ धरतं.

पुढचे दोन पावसाळे तरी रोपं उपटत राहा, विशेषतः झाडांखाली, कारण फळं खाणारे बुलबुल तिथंच बी टाकतात. मोकळ्या जागेत लगेच मारवेल, पवन्या या गवतांचं बी फेका, नाहीतर तरोट्याचं तण माजतं. घाणेरीचा पाला मात्र गुरांपुढे टाकू नका: यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलते.