पूर आल्यावर उपग्रहाची वाट का बघायची? विमानातलं रडार मोडीत काढू नका

पूररेषा

गेली नऊ वर्षं मी पुराचे नकाशे करते. हल्ली जिथे जावं तिथे एकच सूर ऐकू येतो: रडार उपग्रह भरपूर झालेत, युरोपच्या सेंटिनेल-१ ची चित्रं फुकट मिळतात, ३० जुलै २०२५ ला नासा आणि इस्रोचा निसारही वर गेला, मग विमानात रडार बसवून फिरवायचा खटाटोप कशाला? मला हे अजिबात पटत नाही. पुरासाठी तरी विमानातलं रडार तयार ठेवायलाच हवं. आणि ते नसेल, तर नुसत्या उपग्रहाच्या चित्रावरून "इथे पाणी नाही" असं कुणी ठामपणे सांगू नये.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रडार स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतं, त्यामुळे रात्र असो की ढग, त्याचं काम अडत नाही. ते सरळ खाली न बघता तिरकं, बाजूला बघतं. शांत पाणी आरशासारखं वागतं. लहर पलीकडे निघून जाते, परत काहीच येत नाही, म्हणून चित्रात पाणी काळं. पुराचा नकाशा म्हणजे बहुतेक वेळा हा काळा भाग शोधून निळा रंगवणं.

मागे एका शहराचा नकाशा आम्ही असाच दिला. नदी फुगलेली, दोन्ही काठची शेतं काळी, सगळं कसं स्पष्ट. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका बाईंचा फोन आला, "आमच्या गल्लीत कालपासून कमरेएवढं पाणी आहे आणि तुमच्या नकाशात आम्ही कोरडे." मी चित्र मोठं करून पाहिलं. ती गल्ली पांढरीशुभ्र होती, शेजारच्या गल्ल्यांहूनही उजळ. पाण्यावर आपटलेली लहर भिंतीवर जात होती आणि भिंत तिला सरळ उपग्रहाकडे परत पाठवत होती. म्हणजे पाणी होतं म्हणूनच ती गल्ली उजळ दिसत होती! आणि शहराबाहेरची धावपट्टी, कोरडी ठणठणीत, आम्ही निळी रंगवून ठेवलेली. गुळगुळीत डांबरही लहर परत पाठवत नाही ना. त्या बाईंना काय सांगावं ते मला सुचेना.

दुसरी अडचण वेळेची. सेंटिनेल-१ ची कक्षाच अशी आहे की तो कुठल्याही जागेवरून साधारण सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास जातो. पाणी रात्री दोनला सगळ्यात वर चढलं असेल, तर आपल्या हाती येतं ते ओसरतं पाणी. आणि तेसुद्धा त्या दिवशी उपग्रह तिथून जाणार असेल तर. नाहीतर वरातीमागून घोडं.

कक्षा९८

ताई, फोनचा प्रसंग वाचून वाईट वाटलं, पण तो तुमच्या बाजूचा पुरावा नाही. भिंत आणि पाणी यांच्यातली ती दुहेरी उसळी विमानातून पाहिलं तरी तशीच होणार. धावपट्टी विमानातूनही काळीच दिसणार. ही चूक रडार कुठे बसवलंय याची नाही, "काळं म्हणजे पाणी" एवढ्यावर थांबलेल्या नकाशाची आहे. पुराआधीचं त्याच कक्षेतून घेतलेलं चित्र शेजारी ठेवलं असतंत, तर गल्ली आधीपेक्षा उजळ झालीय आणि धावपट्टी आधीही काळीच होती, हे लगेच कळलं असतं. असं आधीचं चित्र उपग्रहाकडे कायम असतं. विमानाकडे कुठून येणार?

हा जुन्या चित्रांच्या साठ्याचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. जून १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लँडर्सचा भूकंप झाला. ईआरएस-१ या युरोपच्या रडार उपग्रहाने भूकंपाआधी आणि नंतर घेतलेली चित्रं एकमेकांवर ठेवून जमीन कुठे किती सरकली त्याचा नकाशा निघाला, आणि १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाल्यावर या शास्त्राची दिशाच बदलली. त्या नकाशातला एकेक रंगीत पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने सुमारे २.८ सेंटिमीटर सरकणं, लहरीच्या लांबीच्या निम्मं. भूकंप होणार आहे हे माहीत नसताना आधीचं चित्र घ्यायला तिथे विमान कुणी पाठवलं असतं?

"लांबून बघतो म्हणून अंधुक बघतो" ही समजूतही काढून टाकायला हवी. १९५१ मध्ये गुडइयर कंपनीतल्या कार्ल वायलींना जी युक्ती सुचली, तिचा गाभाच हा आहे. रडार पुढे सरकताना आलेले प्रतिध्वनी एकत्र जोडले, की छोटा अँटेना एका प्रचंड लांब अँटेनासारखं काम करतो. प्रवासाच्या दिशेतला बारकावा अँटेनाच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत नेता येतो आणि त्यात अंतराचा संबंधच उरत नाही. ७०० किलोमीटरवरून असो की ७ किलोमीटरवरून.

मृण्मयी

कक्षा९८ यांचं शेवटचं वाक्य अर्धंच खरं आहे. बारकाव्यात अंतर येत नाही, पण परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या ताकदीत येतं, आणि फार येतं. समुद्रावर सांडलेलं तेल हे याचं चांगलं उदाहरण. तेल लाटा दाबतं, म्हणून तो भाग काळा. उपग्रहाच्या चित्रात त्या काळ्यात काय आहे ते बहुतेक वेळा कळतच नाही, कारण प्रतिध्वनी यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जातो. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनची गळती झाली, तेव्हा नासाचं यूएव्हीएसएआर हे विमानातलं रडार तिथे नेलं होतं. त्याची खरखर इतकी कमी, की त्या काळ्या भागातही फरक दिसले आणि जाड थर कुठे, पातळ साय कुठे, याचा अंदाज बांधता आला. साफसफाईची बोट कुठे पाठवायची हे त्यावरून ठरतं.

वाळूखालची नदी

मी रोजच्या कामात रडार वापरत नाही, पण भूगोल शिकवतो आणि या विषयावर जीव आहे. विमानातल्या रडारला कुणी जुनाट म्हटलं की मला पनामाचा डॅरियन प्रांत आठवतो. कायम ढगांखाली असलेला प्रदेश. वर्षानुवर्षं हवाई छायाचित्रं घ्यायचे प्रयत्न फसले, आणि १९६७ मध्ये विमानातल्या बाजूला बघणाऱ्या रडारने तो टिपला. पुढे १९७० च्या दशकात ब्राझीलने रादाम प्रकल्पात ॲमेझॉनचं खोरं असंच विमानांतून मोजून काढलं. तेव्हा हे काम करणारा उपग्रह नव्हताच. नासाचा रडार उपग्रह सीसॅट अवकाशात गेला १९७८ मध्ये आणि वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने साडेतीन महिन्यांत बंद पडला.

पण उपग्रहाच्या बाजूनेही एक सांगतो. नोव्हेंबर १९८१ मध्ये कोलंबिया यानातून एसआयआर-ए रडारने सहाराचा एक पट्टा टिपला. साध्या छायाचित्रात तिथे नुसती सपाट वाळू. रडारच्या चित्रात रुंद नद्यांची पात्रं, उपनद्यांसकट! सुमारे २४ सेंटिमीटरची लांब लहर कोरड्या वाळूतून खाली उतरून खडकावरून परत आली होती. नंतर लोकांनी तिथे जाऊन खड्डे खणले आणि खात्री करून घेतली. वर्गात मी ती दोन चित्रं एकापाठोपाठ दाखवतो, काहीच न बोलता. तिथे पाहायचं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. विमान तुम्हाला हवं तिथेच जातं. सगळीकडून जाणाऱ्यालाच असं काही सापडतं.

धावपट्टी२७

हवाई सर्वेक्षणात वैमानिक होतो, म्हणून लिहितो. रडारला ढगांतून दिसतं, पण विमानाला त्याच ढगांत उडावं लागतं. मोठा पूर येतो तेव्हा वादळी हवा असते, काही वेळा विमानतळच पाण्याखाली असतो. यूएव्हीएसएआरचं विमान साडेबारा किलोमीटरवरून उडतं, बऱ्याच हवामानाच्या वरून. पण तिथवर चढायचं आणि उतरायचं खालच्याच हवेतून ना?

शिवाय जमीन सरकल्याचं मोजायचं तर तीच वाट पुन्हा अचूक उडावी लागते. त्या विमानाला त्यासाठी खास स्वयंचालक बसवलाय, जो ठरलेल्या वाटेपासून ५ मीटरच्या आसपास धरून ठेवतो. हाताने हे जमत नाही. वारा बाजूने ढकलत असतो, नाक एकीकडे आणि प्रवास दुसरीकडे. साध्या विमानाला रडार बांधलं की झालं, असं कुणी समजू नये.

पूररेषा

कक्षा९८, गल्लीबद्दल तुमचं बरोबर आहे, मान्य करते. आधीचं चित्र शेजारी न ठेवणं ही आमचीच चूक होती, आता ठेवतो. पण एक राहिलं. ती दुहेरी उसळी जोरदार येते ती भिंती उडण्याच्या दिशेला समांतर असतील तेव्हा. गल्ली थोडी तिरकी असली की उजळपणा झपाट्याने कमी होतो, आणि मग पाणी आहे की नाही ते आधीचं चित्र ठेवूनही कळत नाही. उपग्रहाची वाट ठरलेली, चढती (दक्षिणेकडून उत्तरेकडे) आणि उतरती (उत्तरेकडून दक्षिणेकडे) अशा दोनच दिशा. विमान एकाच दुपारी चार बाजूंनी फिरवता येतं. दाटीवाटीच्या वस्तीत उंच घरांची सावलीही पडते, त्या सावलीत काय आहे ते दुसऱ्या बाजूने गेल्याशिवाय दिसत नाही.

धावपट्टी२७, वादळात उडा असं मी म्हणत नाही. पुष्कळदा पाऊस थांबतो आणि पाणी खालच्या अंगाला दोन-तीन दिवस चढत राहतं. ते दिवस मला हवेत.

आणि उपग्रह कायम असतोच हे गृहीत धरणं मला धोक्याचं वाटतं. डिसेंबर २०२१ मध्ये सेंटिनेल-१बी वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने गेला. आधी दोन उपग्रह मिळून सहा दिवसांनी तीच वाट पुन्हा पकडत, ते एकदम बारा दिवसांवर आलं. १सी उडाला डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या तीन वर्षांत पूर यायचे थांबले होते का?

कक्षा९८

बारा दिवस हे *त्याच* वाटेने परत येण्याचं अंतर आहे. चढत्या-उतरत्या फेऱ्या आणि शेजारच्या पट्ट्यांची सरमिसळ धरली, तर बऱ्याच जागा त्याहून लवकर दिसतात. सेंटिनेल-१ चा एक पट्टा २५० किलोमीटर रुंद, यूएव्हीएसएआरचा २० च्या आसपास. सगळं खोरं बुडालं असेल तर विमान कुठून सुरुवात करणार? आणि २०१८ मध्ये आइसआय या फिनलंडच्या कंपनीचा पहिला, १०० किलोहून हलका रडार उपग्रह उडाल्यापासून एकाच जागी दिवसातून अनेकदा पाहणं आवाक्यात आलंय. पैसा घालायचा तर मी तिथे घालेन.

चार बाजूंनी पाहण्याचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. ध्रुवांजवळून फिरणाऱ्या उपग्रहाला उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून नीट बघता येत नाही, हे खरंच आहे.

मृण्मयी

छोट्या उपग्रहांबद्दल एक. ते बहुतेक एक्स बँडचे, सुमारे ३ सेंटिमीटरची लहर. ती झाडाच्या शेंड्यावरच अडकते. झाडीखालचं पाणी पाहायला एल बँड, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटरची लांब लहर लागते. म्हणजे नदीकाठच्या दाट राईत वस्ती असेल, तर दिवसातून दहा चित्रं घेतलीत तरी पानंच दिसणार. निसारकडे एल बँड आहे, पण त्याचीही फेरी बारा दिवसांची.

धावपट्टी२७

पूररेषा ताई, तुमचे ते दोन-तीन दिवस धरून चालू. त्यासाठी विमान, रडार, दोन वैमानिक आणि चित्र जुळवणारा माणूस वर्षभर तयार हवा. रडार महिनोन्महिने हँगरमध्ये पडून राहिलं आणि ऐन वेळी चालू केलं, तर मोजमाप भरवशाचं राहत नाही. पुराच्या दिवसांबाहेर हे पथक काय करणार, ते आधी सांगा.

पूररेषा

बांध आणि धरणांच्या भिंती मोजेल. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या त्रिभुज प्रदेशात यूएव्हीएसएआरने नेमकं हेच केलंय, मातीच्या बांधांवरून पुन्हा पुन्हा उडून ते कुठे खचतायत ते शोधलं. शहरांवरून चारही बाजूंनी कोरड्या दिवसांत एकेक फेरी मारून ठेवेल, म्हणजे कक्षा९८ म्हणतात ते आधीचं चित्र विमानाकडेही असेल. त्या गल्लीपासून सुरुवात करायला मला आवडेल.