मदत हवी आहे : वाचनालयातल्या टॅबसाठी, कोणाचंही गूगल खातं न टाकता

गावच्या वाचनालयाला अँड्रॉइड ११ चा टॅब मिळालाय. ई-पुस्तकं, पीडीएफ आणि श्राव्य पुस्तकं, एवढाच वापर. कार्यकर्ते बदलत राहतात, म्हणून खातं कोणाचंच नको. एकाचं टाकलं आणि पुढे कोणी रिकव्हरीतून (टॅब बंद असताना बटणं दाबून उघडणारा मेनू) फॅक्टरी रीसेट मारला, की टॅब त्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो.

आतापर्यंत केलेलं : सुरुवातीला खात्याच्या पानावर 'वगळा'. (तारीख-वेळ आधी तपासा, चुकीची असेल तर ब्राउझर प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राची तक्रार करतो.) ब्राउझरमधून एफ-ड्रॉइडची (खातं न मागणारं, मुक्त ॲप्सचं दुकान) एपीके, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, त्यासाठी ब्राउझरला 'अनोळखी ॲप इन्स्टॉल' परवानगी, काम झाल्यावर ती बंद. मग एफ-ड्रॉइडवरून व्हीएलसी (श्राव्य पुस्तकांसाठी) आणि केओरीडर (ई-पुस्तकं, पीडीएफसाठी). पुस्तकं मेमरी कार्डावर.

अडलंय ते इथे :

१. ॲप पिनिंग (पडद्यावर एकच ॲप अडकवून ठेवणं) पिनसह चालू आहे, पण टॅब रीस्टार्ट झाला की पिनिंग सुटतं आणि पोरं थेट सेटिंग्जमध्ये. एडीबीवरून (संगणकावरून टॅबला आज्ञा देण्याचं साधन) एखाद्या ॲपला 'डिव्हाइस ओनर', म्हणजे टॅबचा पूर्ण ताबा असलेलं ॲप, नेमून कायमचं लॉक करता येतं, खातं नसल्यामुळे ती आज्ञा अडणारही नाही. यासाठी फुकटचं, खातं न मागणारं किऑस्क ॲप (ठरावीक ॲप्सच उघडू देणारं) कोणी रोज वापरतंय का?

२. अँड्रॉइड ११ वर एफ-ड्रॉइड प्रत्येक अपडेटला होकार मागतं. ग्रंथपालांना हे महिन्यातून एकदा करायला सांगणं पुरेसं आहे का?

३. अरोरा स्टोअरचं (गूगल प्लेवरची ॲप्स स्वतःच्या खात्याशिवाय उतरवणारं ॲप) निनावी लॉगिन मधूनच बंद पडतं. त्याच्या भरवशावर राहू नये असं वाटतं. तुमचा अनुभव?

'नवीन जीमेल काढा' हा सल्ला कृपया नको, त्याच्या पडताळणीला परत कोणाचा तरी मोबाइल नंबर लागतो.