जुन्या बेसबॉल कार्डांचं खोकं मिळालंय. स्टार खेळाडू बाजूला काढले, बाकीच्यांचं काय करू?

ओहायोची_सून:

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारचे आजोबा मोठं घर विकून मुलीकडे राहायला चाललेत. आवराआवरीत त्यांनी माझ्या लेकाच्या हातात बुटांचं एक खोकं ठेवलं. आत गच्च बेसबॉल कार्डं, जवळजवळ सगळी टॉप्स कंपनीची, १९५७ ते १९६४ मधली. आजोबा तेव्हा शाळेत होते आणि बबलगमच्या पाकिटांतून ही जमली, एवढंच कळलं. गठ्ठ्यांना अजून रबरबँड आहेत.

बेसबॉल मला कामापुरता कळतो, लेकाला माझ्यापेक्षा बरा. एका ओळखीच्यांनी खोकं चाळून सांगितलं, "पाच-सहा स्टार काढून घ्या, बाकी सगळे कॉमन्स आहेत, म्हणजे साध्या खेळाडूंची स्वस्त कार्डं, गठ्ठ्याने देऊन टाका." स्टार काढले खरे, पण बाकीच्यांना हात लावावासा वाटत नाही. आजोबांनी ते साठ-पासष्ट वर्षं सांभाळलेत.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. १९५७ च्या कार्डावर मिलवॉकी ब्रेव्हजचा स्टार हँक आरन डावखुरा उभा आहे, लेक म्हणतो तो उजव्या हाताने खेळायचा. मग हे कार्ड खोटं का? दुसरं, सगळ्या गठ्ठ्यात १९५२ चं एकच कार्ड आहे आणि ते नेमकं न्यूयॉर्क यांकीजच्या बड्या स्टारचं, मिकी मँटलचं, तेही जरा जास्तच गुळगुळीत. तिसरं, १९६४ च्या केन हब्जच्या कार्डावर "इन मेमोरियम" छापलंय, हा कोण? आणि शेवटचं म्हणजे ते कॉमन्स.

पुठ्ठा_प्रेमी:

बाकी सगळं नंतर, आधी रबरबँड काढा. ओढू नका, जुनं रबर पुठ्ठ्याला चिकटलेलं असतं, कात्रीने कापा. १९५२ च्या संचातलं पहिलं कार्ड अँडी पाफ्को नावाच्या साध्या आउटफिल्डरचं आहे. पोरं गठ्ठा नंबरवारी लावायची, वरच्या पाफ्कोवर रबरबँड बसायचा, त्यामुळे धड अवस्थेतला पाफ्को आज भलताच महाग जातो. मेणाचे, गमचे डाग दिसले तर पुसायला जाऊ नका. पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ स्लीव्हज घ्या. पीव्हीसीच्या जुन्या अल्बमपानांत अजिबात ठेवू नका, ती कालांतराने चिकट होतात.

फोर्ब्स_फील्ड:

ताई, तुम्हाला मोठं उत्तर देतो, कारण तुमच्या खोक्यातली वर्षं नेमकी माझी आवडती आहेत.

आरनचं कार्ड खरं आहे. टॉप्सकडून निगेटिव्ह उलटी छापली गेली. जर्सीवरचे ४४ बघा, तेही आरशातल्यासारखे उलटे आहेत. त्याच वर्षी तो नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू झाला.

मँटलसाठी पट्टी घ्या. १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डं मोठी होती, २ ५/८ बाय ३ ३/४ इंच. १९५७ पासून २ १/२ बाय ३ १/२ हे माप आलं आणि आजतागायत तेच आहे. १९८३ साली टॉप्सने १९५२ चा संच पुन्हा छापला तो या लहान मापात. तुमचं मँटल आरनच्या कार्डावर बरोब्बर बसलं तर विषय संपला. मोठं निघालं तरी लगेच पेढे वाटू नका, त्या मापाचीही नकली कार्डं फिरतात, जाणकाराला दाखवा. टॉप्स वर्षाचा संच एकदम न काढता टप्प्याटप्प्याने, मालिकांमध्ये काढायची. हे कार्ड १९५२ च्या शेवटच्या मालिकेतलं. ती मालिका हंगाम सरताना बाजारात आली आणि पडून राहिली. टॉप्सच्या साय बर्गरने १९६० मध्ये उरलेली खोकीच्या खोकी बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवली. गोदामात जागा हवी होती, बस्स. २०२२ मध्ये यातलंच एक मँटल १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. मँटलचं पहिलं कार्ड मात्र हे नव्हे, ते १९५१ चं, बोमन कंपनीचं. लोक कायम यात गल्लत करतात.

हब्ज शिकागो कब्जचा सेकंड बेसमन. १९६२ मध्ये पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने सलग ७८ सामने एकही एरर (क्षेत्ररक्षणातली चूक) न करता काढले. तेव्हाचा तो विक्रम. रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला, उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्हही मिळवला. त्याला विमानाची भीती वाटायची. ती घालवायची म्हणून तो स्वतःच उडवायला शिकला आणि लायसन्स काढलं. फेब्रुवारी १९६४ मध्ये युटातल्या प्रोव्होहून मित्राला घेऊन निघाला आणि खराब हवेत विमान कोसळलं. वय २२. त्याचं कार्ड ५५० नंबरचं, म्हणजे त्या वर्षीच्या शेवटच्या मालिकेतलं, म्हणून टॉप्सला श्रद्धांजली छापायला वेळ मिळाला. शेवटच्या मालिका नेहमीच कमी खपायच्या, तेव्हा हे कार्ड कॉमन्सच्या ढिगात टाकू नका.

आता कॉमन्स. मी विद्यार्थी म्हणून पिट्सबर्गला आलो तेव्हा स्टार परवडायचे नाहीत, त्यामुळे कॉमन्सच घेत गेलो. पुढे परवडायला लागल्यावरही सवय सुटली नाही. माझ्या अल्बमात कार्डं नंबरवारी नाहीत, संघवारीही नाहीत, सामन्यांप्रमाणे आहेत. पक्के संग्राहक याला वेडेपणा म्हणतात, म्हणोत बापडे. नऊ खणांचं एक पान म्हणजे एक सामना. माझं सगळ्यात लाडकं पान तुमच्या खोक्यातूनही लागू शकेल, म्हणून सविस्तर सांगतो.

२६ मे १९५९, मिलवॉकीचं काउंटी स्टेडियम, पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध मिलवॉकी ब्रेव्हज. पायरेट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हार्वी हॅडिक्स, बारीक चणीचा डावखुरा, त्या दिवशी सर्दीने बेजार. नऊ इनिंग्जमध्ये २७ च्या २७ बॅटर बाद, एकालाही फर्स्ट बेस गाठू दिला नाही, तर त्याला परफेक्ट गेम म्हणतात. हॅडिक्सने ते केलं. पण पायरेट्सनाही रन काढता येईना, सामना लांबला. दहावी, अकरावी, बारावी... सलग ३६ बॅटर बाद. असं आधी कोणी केलं नव्हतं. वर आणखी गंमत म्हणजे ब्रेव्हजची मंडळी बुलपेनमधून (राखीव पिचर सराव करतात ती जागा) दुर्बिणीने पायरेट्सच्या कॅचरने पिचरला केलेल्या खुणा बघत होती. कॅचर स्मोकी बर्जेसला नीट खाली बसता यायचं नाही, त्यामुळे खुणा लपायच्या नाहीत. पुढचा चेंडू कोणता हे ठाऊक असूनही कोणाला हिट मिळेना!

तेराव्या इनिंगला फेलिक्स मँटियाने साधा ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) मारला. थर्ड बेसवरच्या डॉन होकचा थ्रो खाली पडला. एरर. परफेक्ट गेम तिथेच गेला. एडी मॅथ्यूजने बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने नुसता हळू ढकलून, मँटियाला सेकंडवर नेलं. मग आरनला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे खेळू न देता फर्स्ट बेसवर जाऊ दिलं. पुढचा जो अॅडकॉक. त्याने चेंडू कुंपणापलीकडे घातला. खरं तर होमरन, पण सामना संपलाच असं धरून आरन सेकंड बेसवरून परस्पर डगआऊटकडे वळला आणि मागून आलेला अॅडकॉक त्याच्या पुढे गेला. अॅडकॉक बाद, होमरनचा डबल (दोन बेसचा फटका) झाला, मँटियाचा रन तेवढा धरला, निकाल १–०. हॅडिक्स हरला. १९९१ मध्ये लीगने व्याख्या कडक केली आणि ती रात्र परफेक्ट गेमच्या अधिकृत यादीतूनही वगळली. मला हा निर्णय पटलेला नाही आणि पटणारही नाही.

समोरचा पिचर कोण, तर लू बर्डेट. त्याने १२ हिट देऊनही १३ इनिंग्जमध्ये एक रन दिला नाही. आता त्याचं १९५९ चं कार्ड शोधा. ग्लोव्ह उजव्या हातात घालून डावखुऱ्यासारखा उभा आहे. पठ्ठ्या उजव्या हाताने टाकायचा, फोटोग्राफरची फिरकी घेतली आणि टॉप्समध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. नावाचं स्पेलिंगही चुकलंय. १९५७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये याच माणसाने यांकीजना एकट्याने तीनदा हरवलं होतं.

म्हणजे पान असं: हॅडिक्स, बर्जेस, होक, बर्डेट, मँटिया, मॅथ्यूज, आरन, अॅडकॉक आणि ब्रेव्हजचा कॅचर डेल क्रँडल. नऊ खण भरले. यात आरन आणि मॅथ्यूज सोडले तर बाकी सगळ्यांना तुमच्या ओळखीच्यांनी गठ्ठ्यात घातलं असतं. १९५९ च्या कार्डाच्या पाठीवर हा सामना सापडणार नाही, तिथले आकडे १९५८ पर्यंतचेच आहेत. पायरेट्सचा स्टार रॉबर्टो क्लेमेंटे, त्यालाही या पानावर घालू नका, तो त्या रात्री खेळलाच नव्हता. त्याचं साठच्या दशकातलं एखादं कार्ड निघालं तर त्यावर "बॉब" दिसेल. पोर्तो रिकोच्या या माणसाला ते नाव बिलकूल आवडत नसे, टॉप्स मात्र वर्षानुवर्षं छापत राहिली.

नववी_इनिंग:

फोर्ब्स_फील्डचं ऐकलं की माझं खोकंही पुन्हा उघडावंसं वाटतं, पण ताईंना व्यवहाराचं कोणीतरी सांगायला हवं. सामन्यांच्या पानात आरन घालू नका! १९५७ चं आरन कोपरे जरा टोकदार असतील तर ग्रेडिंगला (कंपनी कार्ड तपासून, अवस्थेप्रमाणे दर्जा देऊन प्लॅस्टिकमध्ये बंद करते) पाठवण्यासारखं आहे. हब्ज आणि १९५९ चं आरन अवस्था बघून ठरवा. बाकीच्यांची ग्रेडिंगची फी कार्डाच्या किमतीहून जास्त होईल, तिथे पैसे घालवू नका. कडा कातरून कार्ड नवं दिसवणारे महाभाग असतात. जगप्रसिद्ध होनस वॅग्नरचं सिगारेटच्या पाकिटातलं कार्डही कातरलेलं होतं, हे लिलाव करणाऱ्या बिल मॅस्ट्रोने २०१३ मध्ये कबूल केलं. तुमच्या कार्डांना अजून कोणाची कात्री लागलेली नाही, हीच त्यांची जमेची बाजू.

फोर्ब्स_फील्ड:

आरन ग्रेडिंगला पाठवायला माझी ना नाही, १९५७ चं खुशाल पाठवा. १९५९ चं पानात राहू द्या. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बंद केलं की पाठ वाचायला चष्मा आणि टॉर्च दोन्ही लागतात.

ताई, एक मात्र कराच. आजोबा जायच्या आत एका दुपारी गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे बसा आणि कार्डं एकेक करून पुढे ठेवा. "तुमचा आवडता खेळाडू कोण?" असं विचारू नका, त्याला सगळे मँटलच म्हणतात. "हा कसा खेळायचा?" असं विचारा. ज्यांच्यावर दोन ओळीही कोणी छापल्या नाहीत अशा पिचरांबद्दल त्या पिढीला काय काय आठवतं! लेकाला फोनवर रेकॉर्ड करायला सांगा.

ओहायोची_सून:

सगळ्यांचे आभार. मँटल आरनवर तंतोतंत बसलं आणि पाठीमागे बारीक अक्षरात रीप्रिंट लिहिलेलंही सापडलं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, ते धाकट्या भावाने चेष्टेत खोक्यात सरकवलं होतं.

काल त्यांच्याकडे बसलो होतो. मँटलवर ते एक वाक्य बोलले. डॉन मॉसी नावाच्या, हे एवढाले कान असलेल्या पिचरवर मात्र बराच वेळ बोलले, तो क्लीव्हलँडला होता ना! हॅडिक्सचा तो सामना त्यांना ठाऊक होता, पण त्यांच्या मते खरा हॅडिक्स १९६० च्या वर्ल्ड सिरीजचा, सातवा सामना त्याच्या नावावर जमा आहे म्हणून. लेकाने तपासलं, बरोबर निघालं.

पान लावायला घेतलंय. सात मिळाले, होक आणि मँटिया नाहीत. विकत घ्यायचे तर साधारण काय पडतील? आणि चेकलिस्टच्या, म्हणजे संचातल्या कार्डांची यादी असलेल्या, कार्डांवर आजोबांनी पेन्सिलने खुणा केल्यात, त्या पुसू का?

पुठ्ठा_प्रेमी:

खुणा राहू द्या. कोरी चेकलिस्ट महाग जाते हे खरं, पण खोडरबर फिरवलं की पुठ्ठ्याची चकाकी जाते आणि ते तिरक्या उजेडात लगेच दिसतं. शिवाय त्या खुणांवरून आजोबांकडे तेव्हा कोणती कार्डं होती आणि आता कोणती गायब आहेत ते कळेल. होक आहे का तेही बघा, १९५९ च्या संचात त्याचा नंबर २५.

फोर्ब्स_फील्ड:

दोघेही कॉमन्स, कोपरे झिजलेली चालत असतील तर थोड्याफार डॉलरमध्ये मिळतील. होकची माझ्याकडे दोन आहेत, एकाला मधोमध घडी पडलीय. ते तुमच्या लेकाला माझ्याकडून, पत्ता खासगी निरोपात कळवा. मँटिया मात्र त्याचा त्याला शोधू दे.